काठोकाठ भांडी

"मॅडम, सगळे गेले! एकसुद्धा राहिला नाही हो!"

फोनवरचा माणूस एवढ्या जोरात ओरडत होता, की इन्स्पेक्टरबाईंनी फोन कानापासून लांब धरला. कोण गेले, हे कळायलाच वेळ लागला. पक्षी गेले होते. दुकानातले झाडून सगळे पक्षी.

बाई पोहोचल्या तेव्हा शटर अर्धं वर होतं आणि कापलेलं कुलूप पायरीवर पडलं होतं. आत भिंतभर पिंजरे, एकावर एक रचलेले, आणि प्रत्येकाचं दार सताड उघडं. समोरच्या भिंतीवर लाल रंगाच्या फवाऱ्यानं हातभर उंचीची अक्षरं रंगवली होती : 'पक्षी विकू नका.' कोपऱ्यात माशांची टाकी नेहमीसारखी बुडबुडे सोडत होती. माशांना मुक्त करायचं कोणाच्या मनात आलेलं दिसत नव्हतं.

दुकानदाराला सगळी गल्ली 'पक्षीकाका' म्हणायची. साठीचा माणूस, दाढीचे खुंट वाढलेले, हातात बायकोच्या औषधांची पिशवी.

"दुकान शेवटचं कधी बघितलंत?"

"सोमवारी. बायकोचं ऑपरेशन होतं. तेव्हापासून दुकान बंद आणि मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर. आज तिला घरी सोडणार. म्हटलं, आधी जरा इथे डोकावू, तर हे!"

"मग एवढे दिवस पक्ष्यांकडे कोण बघत होतं?"

"मेहुणा. चार दारं सोडून पडद्यांचं दुकान आहे त्याचं. किल्ली त्याच्याकडेच होती."

"कोणावर संशय?"

"संशय कसला, खात्री आहे! ती नर्स. दर रविवारी समोर पाटी घेऊन उभी असते. गिऱ्हाईक पायरीवर पाय ठेवायचा अवकाश, हिचं पुराण सुरू. तिला आत टाका, मॅडम."

आत टाकायचं की बाहेर काढायचं, हे हल्ली सगळे बाईंनाच शिकवत असत. त्यांनी पिंजरे एकेक करून पाहिले. तळाला कोरे कागद. पाणी स्वच्छ. दाण्यांची भांडी काठोकाठ, नुसते चकचकीत पिवळे दाणे. मग त्या रस्त्यावर आल्या. डोक्यावर विजेच्या तारा होत्या, पलीकडे झाडांची रांग होती. तारेवर कावळे बसले होते. दुसरं काही नाही.

समोरच्या लाँड्रीवाल्या मावशी इस्त्री टेकवून बाहेर आल्या. "काय गं बाई, खरंच सोडले का सगळे? मागे एकदा काकांचा एकच सुटला होता, तर दिवसभर माझ्या पाटीवर बसून किंचाळत होता. जाता जाईना. आज म्हटलं, कान किटतील. पण एक दिसेल तर शप्पथ."

मेहुणा पडदे खांद्यावर टाकूनच आला. तिशी ओलांडलेला, गुटगुटीत, डोळे मात्र रात्रभर जागल्यासारखे लाल.

"रोज यायचात?"

"सकाळ-संध्याकाळ, मॅडम. पाणी बदलायचो, माशांना गोळ्या टाकायचो."

"आणि पक्ष्यांचे दाणे?"

"ती वेळच आली नाही. भाऊजी भांडी भरून गेले होते, ती शेवटपर्यंत भरलेलीच होती. रोज बघायचो ना मी. ताईला फोनवर सांगायचो, तुझे पक्षी मजेत आहेत, तू तुझे टाके सांभाळ."

"काल संध्याकाळी होते?"

"होते की! नुसता चिवचिवाट." त्यानं भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं. "हिचंच काम हे. दुसरं कोण करणार?"

बाई ठाण्यावर परतल्या, तर नर्स आधीच बाकावर बसलेली. वरच्या साहेबांनी परस्पर उचलून आणली होती. पाठोपाठ त्यांचा फोन आला. "व्यापारी मंडळींचे फोनवर फोन येतायत. संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल करा आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, अजून पुरावा..."

"पाटी घेऊन उभी राहते ना? झालं तर मग!"

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. फोन ठेवून त्यांनी नर्सला आत बोलावलं. सडपातळ मुलगी, मांडीवर कागदांची फाइल घट्ट धरलेली.

"ही फाइल कसली?"

"कायमच्या नोकरीची, मॅडम. तीन वर्षं हंगामी काढली. आता जागा निघाली आणि माझं नाव लागलं. पोलिसांचा दाखला तेवढा आज ऑफिस बंद व्हायच्या आत द्यायचा आहे. सकाळी तोच मागायला निघाले होते, तर तुमची गाडी दारात." ती कडवट हसली. "गुन्हा लागला तर जागा पुढच्या नावाला जाईल."

"काल रात्री कुठे होतात?"

"घरी. झोपले होते."

"कोणी सोबत?"

"एकटीच राहते."

छान! साहेबांना हवं होतं तसंच. बाई चरफडल्या. "भिंतीवर तुमचंच वाक्य आहे."

"माझं नाही. माझ्या पाटीवर असतं, 'पक्षी विकत घेऊ नका.' मी काकांशी बोलतच नाही. ते विकणारच, त्यांचं पोट आहे त्यावर. मी घेणाऱ्यांशी बोलते. घेणारे थांबले, की आणणारेही थांबतील."

"दुकान बंद झालं तर लोक चोरून घेतील. इथे निदान परवाना तरी आहे."

"परवाना दुकानाला आहे, मॅडम. पक्षी घरी नेणाऱ्याला काय माहीत असतं, ते कोण तपासतं? मिक्सर घेतला तरी सोबत माहितीचं पुस्तक येतं. जिवंत पक्षी मात्र भोकं पाडलेल्या खोक्यात घालून हातात देतात आणि वर म्हणतात, काही करावं लागत नाही."

"मग रागाच्या भरात सोडून दिलेत?"

"मी?" नर्स पहिल्यांदाच चिडली. "पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी असा सोडला, तर कावळे त्याला दोन दिवसही जगू देत नाहीत. सोडणं म्हणजे मारणंच. माझ्याकडे होता एक लहानपणी, निळा. भरलेल्या भांड्याशेजारी मरून पडला. आई म्हणाली, तुझंच लक्ष नव्हतं. का मेला, ते मोठेपणी कळलं. तोवर वाटायचं, मीच मारला."

पुन्हा साहेबांचा फोन वाजला. लिहिलंत का? नाही. का नाही? बाईंनी 'हो साहेब, लिहिते साहेब' म्हणून वेळ मारून नेली. पेन उघडलं, नर्सचं नाव लिहायला कागद ओढला आणि हात तसाच राहिला. भरलेलं भांडं. सकाळपासून दुसऱ्यांदा त्या हे ऐकत होत्या.

"तुमचा पक्षी कशानं मेला?"

नर्सनं दोन वाक्यांत सांगितलं. बाईंनी पेन बंद केलं आणि गाडीची किल्ली उचलली. "चला माझ्याबरोबर. फाइलही घ्या."

दुकानात पक्षीकाका भिंतीवरची अक्षरं पुसायच्या खटपटीत होते आणि मेहुणा बादली धरून उभा होता. नर्सला बघताच काका कडाडले, "हिला इथे कशाला आणलंत?"

"ऐकायला," बाई म्हणाल्या. "पक्षी कोणी सोडले नाहीत, काका. सोडले असते तर निम्मे तरी समोरच्या तारेवर बसून किंचाळत असते. मावशींना एक दिसला नाही. इथून पक्षी उडाले नाहीत. ते उचलून नेले."

"चोरी तर चोरी! हिनंच केली असेल!"

"थांबा." बाईंनी एका पिंजऱ्यातलं दाण्यांचं भांडं काढून काउंटरवर ठेवलं आणि त्यावर फुंकर मारली. काही उडालं नाही. दुसरं भांडं काढलं, तिसरं काढलं. दाणे जागचे हलले नाहीत. "तुम्ही जाणकार, काका. यात काय नाही?"

काकांनी भांड्यात पाहिलं. हातातलं फडकं थांबलं. त्यांना कळलं होतं.

"फोलपटं नाहीत," बाईच म्हणाल्या. "हे पक्षी दाणा सोलून खातात. गर पोटात जातो आणि फोलपट पुन्हा भांड्यातच पडतं. तासाभरात थर जमतो. या भांड्यांत एक फोलपट नाही. म्हणजे दाणे घातल्यापासून एकाही पक्ष्यानं यात चोच घातलेली नाही. भांडी भरली, तेव्हा पिंजरे रिकामे होते."

मेहुण्यानं बादली खाली ठेवली.

"आता सांगा, चोर पक्षी नेल्यावर भांडी भरत बसेल? तळाला कोरे कागद घालेल? हे कोणी करेल, तर ज्याला दुकान नेहमीसारखं दिसायला हवं होतं त्यानं. आणि नेहमीसारखं म्हणजे काठोकाठ भांडी, असं ज्याला वाटत होतं त्यानं." त्या मेहुण्याकडे वळल्या. "आठवडाभर भांडी भरलेलीच होती, असं तुम्हीच म्हणालात. दुकानभर पक्षी खातायत आणि भांडं कमी होत नाही, असं कसं झालं?"

"मला काय माहीत? मी त्यांना काहीसुद्धा केलं नाही, आईशप्पथ!" आणि मग गडी ढसाढसा रडायलाच लागला. "आधी दोन मेलेले दिसले. मग पाच-सहा. काल संध्याकाळी आलो, तर सगळे तळाला आडवे. म्हटलं, साथ आली. भाऊजींना काय तोंड दाखवू? ताईचे टाके अजून ओले. पडद्याच्या कापडात बांधून माझ्या गोदामामागे पुरले. भांडी घासली, होती तशी भरून ठेवली. कुलूप कापलं, भिंत रंगवली. आणि ही..." त्यानं नर्सकडे न बघता हात केला, "हिच्यावर सगळे विश्वास ठेवतील, असं वाटलं."

"साथ नव्हती," बाई म्हणाल्या. "तुम्ही रोज बघत होतात ती भांडी दाण्यांची नव्हती, फोलपटांची होती. रोज फुंकर मारायची असते. फोलपटं उडाली, की खाली किती दाणे उरले ते दिसतं. खाली काहीच नव्हतं. उपाशी मेले ते."

"म्हणजे... माझ्या डोळ्यांदेखत?" मेहुणा एकदम काकांकडे वळला. "भाऊजी, पाण्याचं सांगितलंत, माशांच्या गोळ्यांचं सांगितलंत. हे का नाही सांगितलंत?"

"अरे, ऑपरेशनच्या गडबडीत राहून गेलं."

"गडबड सोमवारी होती," बाई म्हणाल्या. "आजवर किती गिऱ्हाइकांना सांगितलंत?"

काका पुन्हा भिंतीवरची अक्षरं घासायला लागले.

"किती जणांना, काका?"

"कोणालाच नाही!" शेवटी काका उसळले. "सांगितलं तर पक्षी आठ-दहा वर्षं जगतो, मॅडम. मग परत कोण येणार दुकानात? वडील म्हणायचे, विचारतील तेवढंच सांगायचं. हे कोणी विचारतच नाही. जन्मभर सांगितलं नाही, तर याला सांगायचं सुचणार कुठून?"

नर्सनं डोळे मिटून घेतले. बाई मनातल्या मनात एकेक कलम आठवत होत्या. खोट्या पुराव्याला होतं. निरपराध माणसाला अडकवण्याला होतं. मेहुण्याला त्या आत्ता घेऊन जाणार होत्या आणि ते योग्यच होतं. पण या माणसाला कशाखाली न्यायचं? परवाना चोख, बिलं चोख, पिंजऱ्यांची मापं नियमाप्रमाणे. उद्या तो नवे पक्षी मागवेल आणि त्या हात चोळत बसतील. भांडं उचलून भिंतीवर आपटावं, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी ते जागेवर ठेवलं आणि नर्सची फाइल मागून तिथेच काउंटरवर त्यातल्या दाखल्याच्या फॉर्मवर सही केली.

"जा. ऑफिस बंद व्हायच्या आत पोचा."

नर्स वळली, तर दारात एक आजोबा उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात रिकामा पिंजरा.

"काका, तोही गेला हो," आजोबा म्हणाले. "आमची ही गेल्यापासून तेवढीच सोबत. यंदाचा हा तिसरा. भांडं तर काठोकाठ होतं. तुम्ही म्हणता तसं आमच्या घरची हवाच मानवत नसेल. जरा दणकट बघून द्या या वेळी."

नर्स पुढे व्हायला लागली, तसा बाईंनी तिचा हात धरला.

"काका, सांगा त्यांना."

"मॅडम, आता कशाला..."

"यासाठी मी तुम्हाला अटक करू शकत नाही. पण तुम्ही सांगेपर्यंत इथून हलणारही नाही."

काकांनी आजोबांच्या पिंजऱ्यातलं भांडं काढलं, तोंडाजवळ नेलं आणि हलकेच फुंकलं. फोलपटं काउंटरभर उडाली. तळ कोरडा होता. काकांनी खाली मान घालून, अडखळत सांगितलं. तीनच वाक्यं होती, पण ती सांगताना त्यांना घाम फुटला.

आजोबांनी भांड्याच्या तळावरून बोट फिरवलं. "म्हणजे मी रोज त्याच्याशी गप्पा मारत होतो," ते म्हणाले, "आणि तो..."

"तुमची चूक नाही, आजोबा," नर्स म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

आजोबांनी पिंजरा काउंटरवर ठेवला आणि काकांकडे सरकवला. "हा राहू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले. "नवा नको." नर्सनं त्यांचा दंड धरला आणि फाइल काखेत मारून ती त्यांच्या चालीनं पायरी उतरली. इन्स्पेक्टरबाईंनी मेहुण्याला गाडीत बसवलं. मग त्या नर्सला आणि आजोबांना हाक मारून म्हणाल्या, "तुम्हीही बसा, वाटेत सोडते."