हातातला दगड

या, शेकोटीजवळ सरका. आणखी जवळ. एका मुलीने एक दगड उचलला आणि तो तिला खाली ठेवता येईना, त्याची गोष्ट सांगते. दगडात कसली आलीये प्रेमकथा, असं वाटेल... पण देवाच्या राज्यात काय कुठे रुजेल, सांगता येतं का?

संत कथबर्टच्या नावाची आपली यात्रेची वाट मेलरोजहून निघते आणि समुद्रातल्या पवित्र बेटावर संपते. मध्ये डोंगरमाथ्यावर एक जुना गडगा आडवा येतो, नुसता दगडावर दगड रचलेला. अलीकडे स्कॉटलंड, पलीकडे इंग्लंड. त्या गडग्यात एक फाटक आहे. एका वेळी एकच माणूस मावेल एवढं. पुढे गेलेल्याने ते धरून ठेवायचं, मागच्याकडून गालाचा एक पापा घ्यायचा आणि मग सोडायचं, अशी रीत. त्या पाप्यालाच म्हणायचं जकात. कितीतरी आजी-आजोबांची लग्नं तिथेच ठरली.

ऑगस्ट सरत होता. डोंगर जांभळ्या फुलांनी भरलेले, वर बारीक भुरभुर. रोना एलियट एकटीच चढून आली. दरवर्षी ती आईबरोबर यायची. या फाटकाशी आली की आई, म्हणजे जीन, उगाच गालातल्या गालात हसायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. वसंतात जीन गेली. घर रिकामं झालं. शुक्रवारी रोना न्यूझीलंडला मावशीकडे जाणार होती, कायमची. त्याआधी आईची वाट एकदा चालायची, एवढंच उरलं होतं.

फाटकात एक जण उभा होता. चिखलाने माखलेले हात, केसांत पावसाचे थेंब.

"जकात द्यावी लागेल," तो म्हणाला.

"कोण तुम्ही?"

"विल्फ चार्लटन. गडगे रचतो."

"चार्लटन? तुमच्या पूर्वजांनी सीमा ओलांडून आमची गुरं पळवली होती."

"म्हणजे तुम्ही एलियट. ती गुरं मुळात आमचीच होती."

रोनाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "एलियट कुणाला जकात देत नाहीत."

विल्फने हसून फाटकावरचा हात काढून घेतला. फाटक मोकळं झालं... पण रोना हट्टाला पेटली होती. मेंढपाळाची लेक, गडग्यावर चढू नये हे तिला पाळण्यातच शिकवलेलं. तरी ती चढली. माथ्याचा दगड हलला, आणि हातभर रुंदीचा गडगा धडधडत इंग्लंडात कोसळला. वर रोना.

"लागलं का?"

"नाही." तिचे कान लाल झाले होते. "मी... रचून देते."

"द्यावाच लागेल. नाहीतर रात्रीत तुमच्या मेंढ्या आमच्या होतील."

दुपारभर दोघं दगड लावत राहिले. मोठे बाहेरून, बारीक भर आतून. तिने एक दगड उचलला, नाक मुरडून खाली टाकला.

"अं हं," विल्फ म्हणाला. "हातात घेतलेला दगड खाली ठेवायचा नाही. फिरवून बघायचा, त्याची जागा शोधायची. असतेच कुठेतरी."

"माणसांनाही हाच नियम?"

"माणसांवर अजून हात बसला नाही माझा."

दोघांनी एका भाकरीचे दोन तुकडे केले, एकाच कपातून चहा प्याले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

"पुढच्या आठवड्यात खालचा गडगा घेणार आहे," तो सहज म्हणाला. "येशील?"

रोनाच्या हातात एक दगड होता. करडा, एका बाजूने तिरका. ती तो फिरवत राहिली. "शुक्रवारी मी जातेय, विल्फ. न्यूझीलंडला."

भुरभुर थांबली होती. माळावर एक टिटवी ओरडत होती.

"परत कधी?" त्याने विचारलं.

"परत... नाही."

त्याने मूठभर बारीक भर गडग्यात कोंबली. "अंधारायच्या आत खालच्या गावात पोच. तो दगड ठेव खाली, मी बसवीन."

"खाली ठेवायचा नाही, तूच म्हणालास." का कोण जाणे, तिला राग आला. "मी नेते."

आणि तिने तो खरंच पिशवीत टाकला.

वाटेत दिसेल त्या गडग्याला तिने तो लावून पाहिला. कुठे जाड व्हायचा, कुठे तिरका. ओहोटीला ती अनवाणी ओल्या वाळूतून बेटावर गेली. चर्चमध्ये स्तोत्र चाललं होतं, आईचं आवडतं. आहाहा, काय ते सूर असतील... ऐकणाऱ्याचं मन धुऊन निघावं. रोनाने दगड भिंतीशी ठेवायला हात पुढे केला. हात उघडेना. "आई," ती पुटपुटली, "याची जागा मला ठाऊक आहे. तरी मी सगळीकडे काय शोधत बसलेय?"

घरी जायला बस होती. रोना चालत परत निघाली.

फाटकाजवळचा गडगा पुरा झाला होता. मधोमध फक्त एक भोक, त्यातून आभाळ दिसत होतं. शेजारी विल्फ बसलेला.

"हे का ठेवलंस?"

"दगड कमी पडला."

"डोंगरभर दगड पडलेत."

"ते बसत नाहीत."

रोनाने पिशवी उघडली. दगड एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला... आणि तो आत गेला. हलला नाही.

मग ती फाटकातून पलीकडे गेली आणि ते धरून उभी राहिली.

विल्फ आत आला, अडकला. "मावशीला काय कळवलंस?"

"आधी जकात."

"एलियट जकात देत नाहीत ना?"

"देत नाहीत. घेतात."

त्याने ती दिली. सावकाश, आणि जरा जास्तच.

"येत नाही म्हणून कळवलं," ती त्याच्या खांद्याशी म्हणाली, आणि उगाच गालातल्या गालात हसली. आपण कुणासारखं हसलो, ते तिला तेव्हा कळलं.

तर त्या वाटेने गेलात, तर फाटक मागे ओढून घ्या, मेंढ्या असतात. आणि तो करडा दगड दिसला, तर त्यावर हात ठेवून क्षणभर जीनची आठवण काढा... जिने हसण्याचं कारण लेकीला कधीच सांगितलं नाही.