काळ्या पट्टीतला टाळ

या, असे जवळ सरकून बसा. बुवांचा चहा व्हायचाय, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. इथलीच, आपल्या प्रकाशा गावची. सांगताना मला राग येतो, तेवढा सहन करा.

शहाद्याला माझं कॉम्प्युटरचं दुकान. पण कुठे कीर्तन आहे असं कानावर आलं की मी शटर ओढून निघतो. इथल्या टाळकऱ्यांच्या रांगेत माझी जागा शेवटून दुसरी. मधोमध चुनीलाल आबा, आणि शेवटचा दोधू. आबांच्याच केळीच्या बागेतला सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. बुवांनी अभंगाचं चरण उचललं की त्याचा टाळ असा पडायचा, की डोळे आपोआप मिटावेत.

आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच. टाळकरी वारला की वर्षभर त्याची जागा कोणी घ्यायची नाही. सतरंजीवर त्याचे टाळ ठेवायचे, बुक्का लावून.

यंदा तापी चढलेली असताना आबांनी दोधूला पाणी उपसायच्या मोटारीचा, पाइपाच्या तळाचा फूटवॉल्व्ह काढायला पाण्यात उतरवलं. तो वर आला नाही. आणि पुढच्या कीर्तनात आबांनी रांग सरकवून दोधूची जागा बुजवून टाकली. म्हणाले, "सालदारनी कसानी जागा?" मी भांडलो. टाळ खाली ठेवले आणि तेव्हापासून असा श्रोत्यांत बसतो.

दोधूची बायको कालीबाई दुकानात आली होती. "भाऊ, त्यासना एक फोटो काढी दे. भितले लावाले काहीच नही शे."

फोटो कुठून देणार? दोधू असतानाच्या सप्ताहाची चित्रफीत होती, पण तिच्यातलं चित्र माझ्या कोपरापाशी संपतं. कॅमेरावाल्याला आबांनीच बजावलं होतं, सालदार दिसायला नको.

मग आबांच्या मुलाचा, भूपेंद्रचा फोन आला. घोड्यांच्या शर्यतीच्या गेमसाठी त्याने रुंद, वळणदार पडद्याचा मॉनिटर आणला होता, आणि घोडे अडखळत होते. मी दोन ग्राफिक्स कार्डं घेऊन गेलो, एक आठ जीबीचं, एक सोळाचं. इतक्या रुंद पडद्याचे ठिपके जुन्या कार्डाला ओढवत नाहीत, एवढंच दुखणं होतं.

भरदुपार होती. अंगणात केळीचे घड ट्रकवर चढत होते. आत झोपाळ्यावर आबा.

रंग तपासायला भूपेंद्रने सप्ताहाची चित्रफीत लावली. ती साध्या मापाची, त्यामुळे रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या. त्या राहणारच. कॅमेऱ्याने जे घेतलंच नाही, ते कोणतंही कार्ड दाखवू शकत नाही.

उजव्या पट्टीत काहीतरी चमकलं.

पडद्यामागचा दिवा कडेने झिरपत असेल, नाहीतर धूळ असेल, म्हणून मी पडदा पुसला. परत चमकलं. टाळाच्या ठेक्यावर.

"पडदाच खराब निंघना का?" भूपेंद्र म्हणाला.

मी केबल बदलली. मग छोटं कार्ड बसवलं. घोडे सुरळीत धावले. पुन्हा चित्रफीत लावली. काळ्या पट्टीत आता दोन हात होते. मनगटापुढचे. पितळी टाळ धरलेले.

झोपाळ्याची कडी थांबली. आबा पाठीमागे येऊन उभे होते.

"हाई बारकंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मोठं नको."

"आबा, गेमला हे पुरेल. पण..."

"सांगं ना तुले! नको म्हणजे नको."

माझं डोकं फिरलं. "एवढा रुंद पडदा आणलात, आबा, आणि त्यात एक माणूस मावत नाही?"

मोठं कार्ड मी आबांच्या डोळ्यांदेखत बसवलं.

पट्ट्या गेल्या. चित्र ताणलं नाही, कोणाचं तोंड पसरट झालं नाही. मंडपच पुढे वाढला. माझ्या कोपरापलीकडे दोधू उभा होता, अख्खा. सदरा छातीला चिकटलेला. पायाखाली सतरंजी भिजत चाललेली. बुवांकडे नाही, तो रांगेच्या मधोमध बघत होता.

अंगणात घड उचलत असलेल्या कालीबाईला मी हाक मारून आत बोलावलं. केळीच्या चिकाने काळे पडलेले हात पदरात धरून ती पडद्यापुढे उभी राहिली. रडली नाही.

"वल्ला शेतस," ती म्हणाली. मग आबांकडे वळली. "कोनी पंचा बी दिधा नही का त्यासले?"

आबांनी भिंतीतली पिन उपटायच्या आत मी मोबाईलवर फोटो घेतला होता.

ते कार्ड मी परत आणलं. दुकानातल्या प्रत्येक मशिनवर लावून पाहिलं. चित्रफीत माझ्या कोपरापाशी संपते.

फोटो मात्र आहे. कालीबाईच्या झोपडीत भिंतीला टांगलाय. दोधू टोकाला, शेजारी मी, पुढे सगळी रांग.

फ्रेम करताना माझ्या लक्षात आलं.

मधोमध आबांची जागा रिकामी आहे.

खाली सतरंजीवर टाळ ठेवलेत. बुक्का लावून.

आबा ठणठणीत आहेत हो. ते काय, समोर उपरण्याने कंबर बांधताहेत. चला, बुवा उठले. गजर सुरू झाला की रांगेच्या टोकाकडे बघा आणि मनात दोधूची आठवण काढा. आज फक्त दोधूची.