अंगभर ऐकणारा मासा

"चारू, हा मासा कुणालाच कसा धडकत नाही?"

निहारने असं विचारलं तेव्हा चारुता फिशटँकच्या काचेला कान लावून पंपाचे बुडबुडे ऐकत होती. ती अकरा वर्षांची. तिला जन्मापासूनच दिसत नव्हतं. नववीतला निहार तिचा मोठा भाऊ. संगमनेरच्या त्यांच्या घरात, खिडकीजवळच्या त्या टाकीत सोळा झेब्रा मासे होते. बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळे-रुपेरी पट्टे असलेले. ते सतत थव्याने फिरायचे.

महिन्यापूर्वी त्यातल्या एकाच्या दोन्ही डोळ्यांना जखम झाली होती. आता ते डोळे दुधासारखे पांढरे झाले होते. निहारने त्याच्यासमोर टॉर्च चमकवून पाहिला. तो जराही दचकला नाही. पण बाकीचे पंधरा मासे डावीकडे वळले, की तोही त्यांच्या मागोमाग वळायचा. अगदी वेळेवर.

"त्याला थवा दिसत नाही, मग कळतो कसा?" चारुता म्हणाली.

निहारने मासे विकणाऱ्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "आंधळा मासा वेगळा काढ बाबा. रोग असेल तर पसरेल. शिवाय बाकीचे टोचून टोचून मारतील त्याला."

घाबरून निहारने तो मासा एका बरणीत ठेवला. तिथे ना धक्का, ना भांडण. पण मासा तळाशी जाऊन बसला. पहिल्या दिवशी त्याने खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे पट्टे फिकट दिसू लागले.

"दादा, त्याला परत सोड."

"अगं, त्याला दिसत नाही! सगळ्यांमध्ये कसा राहील तो?"

मग निहारला आपलेच शब्द ऐकू आले आणि त्याचे कान तापले.

"म्हणजे... मला तसं नव्हतं म्हणायचं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

निहारने सुमेधाआत्याला फोन लावला.

आत्या नाशिकच्या प्रयोगशाळेत यंत्रमासे बनवायची. धरणाच्या पाण्यात उतरून आतल्या भिंतींना तडे गेलेत का, हे ते थव्याने तपासणार होते. रविवारी सकाळी ती ड्रायव्हर नसलेल्या बसने आली, काखेत एक लांबट खोकं घेऊन. आल्या आल्या तिने बरणीतला मासा भिंगाखाली पाहिला.

"जखम भरलीय. रोगबिग काही नाही. हा आजारी नाही, एकटा पडलाय. थव्यात राहणारा मासा एकटा राहिला, की सारखा घाबरलेला असतो."

"पण त्याला थवा कळतो कसा?" चारुताने विचारलं.

"घमेलं आण पाण्याने भरून. तूच शोध."

चारुताने घमेल्यात हात बुडवून स्थिर ठेवला. आत्याच्या खुणेवरून निहारने दुसऱ्या टोकाला, आवाज न करता, पाण्यातून चमचा फिरवला.

"आता!" चारुता ओरडली. "पाण्याने मला ढकललं. हळूच."

"चमचा तुला लागला का?"

"नाही. चमच्याने पाण्याला ढकललं, पाण्याने मला."

"झालं! निम्मं उत्तर तू दिलंस," आत्या म्हणाली. "पाण्यात काहीही हललं, की आजूबाजूचं पाणी हलतं. माशाच्या दोन्ही बाजूंना, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. तिला म्हणतात पार्श्वरेखा (शरीराच्या कडेने जाणारी, पाण्याची हालचाल ओळखणारी रेघ). त्या रेघेवर बारीक केस असलेल्या पेशी (सजीवांचे शरीर ज्यांनी बनते ते सूक्ष्म घटक) असतात. केसांवर जेलीसारखी मऊ टोपी. पाणी सरकलं की टोपी कलते, टोपीबरोबर केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो: शेजारी वळला!"

"म्हणजे तो अंगाने ऐकतो?"

"छान म्हणालीस. आपल्या कानात खूप आत अशाच केसांच्या पेशी असतात. आवाजाने ते केस हलतात, म्हणून आपल्याला ऐकू येतं."

चारुताने नकळत कानाला हात लावला. आपल्या कानात आणि त्या एवढ्याशा माशाच्या अंगावर एकसारखं काहीतरी होतं! तिच्या अंगावर काटा आला.

"मग सगळेच मासे डोळ्यांशिवाय थव्यात राहू शकतात?" निहारने विचारलं.

"नाही रे. मुख्य काम डोळेच करतात, रेघ त्यांना मदत करते. प्रत्येक आंधळ्या माशाला हे जमेलच असं नाही. याला जमतंय, तर आपण त्याला थव्यात राहू द्यायला हवं."

"पण त्यांचा पुढारी कोण? वळायची आज्ञा कोण देतो?"

"कुणीच नाही. प्रत्येक जण फक्त शेजाऱ्यांकडे लक्ष देतो. फार जवळ जायचं नाही, फार लांब राहायचं नाही आणि ते वळले की वळायचं. एवढ्यावर आख्खा थवा एका अंगासारखा हलतो."

निहारने बरणी टाकीत तिरकी केली. मासा तळाशी तसाच पडून राहिला. चारुताने श्वास रोखला. थवा वरून गेला. मासा हलला नाही. थवा परत फिरून आला, आणि त्याची शेपटी थरथरली.

"निघाला!" निहार पुटपुटला. "चारू, शेवटच्या माशाच्या अगदी मागे आहे तो. वळला! त्यांच्याबरोबर वळला!"

थोड्या वेळाने निहारने चिमूटभर खाणं टाकलं. आंधळा मासा उशिरा पोचला, पण खाल्लं त्याने.

मग आत्याने खोकं उघडलं. आत एक रबरी मासा होता आणि एक मऊ बाही. रबरी माशाच्या कुशीत पाण्याची हालचाल टिपणारे चाळीस बारीक संवेदक होते. ते जे टिपतील, ते बाहीतली चाळीस इवली बटणं त्वचेवर टकटक करून सांगणार होती. आत्याने मासा टाकीत सोडला आणि चारुताच्या हातावर बाही चढवली.

आधी काहीच नाही. मग कोपराजवळ एक टिचकी, मग तीन, आणि एकदम एक लाट मनगटाकडे धावत गेली, थांबली, उलटी फिरली.

चारुताचं तोंड उघडंच राहिलं. दादाने तिला थव्याबद्दल शंभरदा सांगितलं होतं. पण थवा असा असतो? इतका जिवंत? सोळा जीव तिच्या हातावरून फिरत होते आणि कुणीही कुणाला धडकत नव्हतं.

"आत्या," ती कशीबशी म्हणाली, "नदीवर जाऊ या?"

संध्याकाळी ते तिघं प्रवरेच्या घाटावर गेले. पाणी गढूळ होतं. निहारने वाकून पाहिलं, त्याला काहीच दिसेना. आत्याने रबरी मासा पाण्यात सोडला. चारुता हातावर बाही चढवून पायरीवर बसली. सुरुवातीला फक्त प्रवाह होता, कोपरापासून मनगटापर्यंत एकच लांब, संथ स्पर्श.

"माझे यंत्रमासे अशाच पाण्यात एकमेकांवर आदळतात," आत्या म्हणाली. "कॅमेऱ्याला दिसत नाही ना. त्यांना कधी वळायचं हे शिकवायला कुणीतरी हवंय. असं कुणीतरी, ज्याला पाणी नीट कळतं."

"मी शिकवीन," चारुता लगेच म्हणाली. आणि मग ती एकदम ताठ झाली.

"काय झालं?" निहारने विचारलं.

"शू! आले." तिच्या हातावर आता टिचक्या मोजता येत नव्हत्या. शेकडो होत्या, कदाचित त्याहून जास्त. त्या गढूळ पाण्याखालून एक प्रचंड थवा चालला होता. "दादा, वळले! सगळेच्या सगळे एकदम वळले!"

"कुठे गं? मला तर काहीच दिसत नाही."

चारुताने त्याचा हात ओढून आपल्या बाहीवर घट्ट दाबून धरला.

"डोळे मीट," ती म्हणाली.