न फोडलेला साबण

"त्या चादरीला हात लावू नकोस!" सासूबाई दारातूनच कडाडल्या, आणि थोरल्या सुनेच्या हातातली उशी हातातच राहिली.

"माझी आई येतेय, सासूबाई! तासाभरात गाडी येईल तिची. परवा डोळ्यांचं ऑपरेशन आहे... कालच सांगितलं होतं मी तुम्हाला."

"मग येऊ देत की! नको कोण म्हणतंय? बाहेरचा बाक आहेच मोकळा. विहीणबाई काय परक्या आहेत? घरच्याच त्या! ही खोली पाहुण्यांची आहे."

पाहुण्यांची खोली! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षांत या पलंगावर कुणाची पाठ टेकली नव्हती, आणि पाहुणे म्हणजे कोण, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पाहुणा म्हणजे धाकटा दीर! आईशी भांडून दूरच्या शहरात निघून गेलेला, वर्षातून चारदा फोनवर "पुढच्या महिन्यात येतो" म्हणणारा आणि कधीच न येणारा!

ही खोली एके काळी थोरलीची होती. या मोठ्या खिडकीशी तिचं शिलाई मशीन असायचं, आणि सकाळच्या स्वच्छ उजेडात ती अर्ध्या गल्लीचे शर्ट नि पडदे शिवायची. मग एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "मशीन जरा मागे सरकव गं, धाकटा येणार आहे. दोन दिवसांचा तर प्रश्न!" तिने हूं की चूं न करता मशीन स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत नेलं, पाण्याच्या टाकीशेजारी, जिथे सुईत दोरा ओवायला भर दुपारी दिवा लावावा लागायचा... आणि त्या दोन दिवसांची सहा वर्षं झाली!

दर शनिवारी कुणी न वापरलेली चादर काढायची, धुवायची, इस्त्री करून पुन्हा ताठ अंथरायची. कुणी न प्यायलेलं पाणी ओतून तांब्या पुन्हा भरायचा. खोलीतल्या बेसिनवर वेष्टनातला नवा साबण ठेवायचा, आणि उन्हाने वेष्टन विटलं की तो काढून दुसरा ठेवायचा. विटलेला मग घरच्यांनी वापरायचा. वास उडालेला साबण तेवढा घरच्यांच्या वाट्याला!

हेही सगळं तिने सोसलं असतं. पण चार वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा राहायला आली, तेव्हा तिला याच सासूबाईंनी दाराजवळच्या बाकावर झोपवलं होतं. उशाशी चपलांचं कपाट, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का, दाराच्या फटीतून येणारी धूळ... सकाळी आईने अंगावरची चादर चार घड्या घालून अशी ठेवली, की जणू तिथे कुणी झोपलंच नव्हतं. "छान झोप लागली हो," म्हणून हसली आणि पहिल्या गाडीने निघून गेली. त्यानंतर ती आलीच नाही.

आणि आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, धूळ नको, धक्का नको, आठ-दहा दिवस स्वच्छ खोलीत विश्रांती हवी. यंदाही तिला बाकावर झोपवायचं?

तिने नवऱ्याकडे पाहिलं. गल्ली त्याला घड्याळजी म्हणायची. अख्ख्या गावाची घड्याळं चालू करणारा हा माणूस आईसमोर मात्र ठार बंद पडायचा.

"जाऊ दे ना," तो चप्पल शोधत पुटपुटला. "आईचं वय झालंय. मी तुझ्या आईला आणायला जातो स्टँडवर."

"हो, जा! तुम्हाला जायलाच येतं फक्त!" ती ओरडली, पण तोवर तो जिना उतरला होता.

आई आली. जावयाचा हात धरून, भिंत चाचपत, पायरी पायाने शोधत आली. एवढंसं झालं होतं तिचं तोंड! थोरली तिच्यासाठी पाणी आणायला आत वळली, तेवढ्यात आईला वाटलं, प्रवासाचे मळके हात आधी धुवावेत. भिंतीवरून हात फिरवत ती निघाली, उघडं दार हाताला लागलं, आत शिरली, पायाला पलंग लागला, आणि दमलेली ती त्यावर टेकली.

"उठा! उठा तिथून आधी!" सासूबाई ओरडल्या.

आई दचकून उभी राहिली. आणि मग तिने जे केलं, ते पाहून पाण्याचा पेला घेऊन आलेली थोरली दारातच थांबली. म्हातारी वाकली आणि दोन्ही तळव्यांनी ती चादर सारखी करू लागली. दिसत नव्हतं तिला! आपण पाडलेल्या सुरकुत्या ती बोटांनी शोधत होती... इथे चाचप, तिथे ओढ, पुन्हा चाचप!

"चुकलं हो, विहीणबाई... हात धुवायचे होते, दार कळलं नाही मला. बघ गं बाळ, झाली का सारखी? कुणी मोठे पाहुणे यायचेत वाटतं. मी आपली बाकावरच बरी."

पेला खाली आदळला.

"बाजूला हो, आई!" थोरलीने चादरीचं टोक धरलं आणि एका हिसक्यासरशी ती उपसून जमिनीवर फेकली. "तो येणार नाही, सासूबाई! ऐकताय? तुमचा धाकटा येणार नाही! सहा वर्षं मी एका रिकाम्या पलंगाची सेवा करतेय!"

सासूबाईंनी दाराची चौकट धरली.

"मीच म्हणाले होते त्याला..." त्या कशाबशा बोलल्या. "तो निघाला तेव्हा. म्हणाले, परत आलास तर या घरात तुला जागा नाही! पोटच्या पोराला बोलले गं असं... म्हणून वाटायचं, ज्या दिवशी येईल त्या दिवशी त्याला दिसायला हवी, जागा आहे म्हणून..."

एरवी थोरली विरघळली असती. आज नाही!

"शब्द तुमचा, आणि फेडत बसले मी! त्याला जागा नाही म्हणालात, आणि जागा काढून घेतलीत माझी! माझ्या आईची! मी एकदाही ब्र काढला नाही, तेच चुकलं माझं." तिने आईची पिशवी उचलली. "चल आई, आपण लॉजवर राहू. आणि मी परत कधी येणार, हे मला कुणी विचारू नका!"

ती दारापर्यंत पोचली, तर मागून काहीतरी घासत येण्याचा आवाज आला. घड्याळजी बोळकांडीतून मशीन ओढत आणत होता, धापा टाकत. ते त्याने थेट खिडकीशी नेऊन लावलं.

"उशीर झाला मला," तो एवढंच म्हणाला.

आणि सासूबाई बेसिनपाशी गेल्या. त्यांनी साबण उचलला. बोटांना वेष्टन सुटेना, नखाने सुटेना, तेव्हा त्यांनी ते दातांनी फाडलं आणि साबण विहिणीच्या हातात ठेवला.

"हात धुवायचे होते ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "या, मी नळ सोडते. मग इथेच पडा. थोरले... दुसरी चादर काढ गं. नको, थांब, मीच काढते!"

थोरलीने पिशवी खाली ठेवली. राग गेला नव्हता. सहा वर्षांचा राग एका साबणाने कसा धुतला जाईल? पण आईच्या हातांना नव्या साबणाचा वास येत होता, आणि ती तो पुन्हा पुन्हा हुंगत होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. सातव्या दिवशी सकाळी आई काळा चष्मा लावून पलंगावर पडली होती, खिडकीशी मशीन चालू होतं, आणि सासूबाई घड्याळ बघून विहिणीच्या डोळ्यांत थेंब घालत होत्या. फोन वाजला.

"पुढच्या शनिवारी येतो, आई," पलीकडून धाकटा म्हणाला. "नक्की."

मशीन थांबलं. थोरलीने मान वळवली नाही, फक्त ऐकत राहिली. सासूबाईंनी फोन घट्ट धरला होता.

"ये की रे, नक्की ये!" त्या म्हणाल्या. "पण बाकावर झोपावं लागेल हं तुला. खोलीत पाहुण्या आहेत. तुझं काय... तू घरचाच आहेस!"

थोरलीने डोळे पुसले आणि पुन्हा मशीनवर पाय ठेवला.