होडी ओढायची वाट

"तुम्ही माझ्या स्वयंपाकघरावर उभे आहात."

मोजणीदाराने खाली पाहिलं. पायाखाली दोरखंडाच्या पिळासारखा सुरकुतलेला काळा खडक होता, दुसरं काही नव्हतं. तरी तो एक पाऊल बाजूला सरकला.

"आता न्हाणीघरावर," ती म्हणाली.

ती बोटींची इंजिनं दुरुस्त करायची. किनाऱ्याला लागून तिची शेड होती आणि शेडमागे घर. बिघडलेली होडी पाण्यातून थेट आत ओढायची आणि कामाला लागायचं. पाच महिन्यांपूर्वी डोंगर फुटला. माथ्यावरून नाही फुटला. आठवडाभर जमीन बारीक थरथरत राहिली, मांडणीवरची भांडी किणकिणत राहिली, आणि एका सकाळी डोंगराच्या कुशीला मैलभर लांब चीर पडली. पोटातला वितळलेला खडक वायूच्या रेट्याने वर उसळला आणि उताराने निघाला. माणूस रमतगमत चालतो तेवढ्याच वेगाने आला, म्हणून माणसं वाचली. तिने हत्यारांची पेटी आणि वडिलांना बाहेर काढलं. घर जळालं, शेड जळाली, आणि दोन्हींवर दीड पुरुष उंचीचा दगड होऊन तो लाव्हा निजला.

डोंगरावर रागावून काही उपयोग नव्हता. बाबा "जाऊ दे गं" म्हणाले की ती पुढचं ताट बाजूला सारायची. पाच महिन्यांनी आज येण्याजाण्याची बंदी उठली होती, आणि ज्याच्यावर रागावता येईल असा, कान असलेला माणूस तिला पहिल्यांदाच सापडला होता.

"हद्दीच्या काही खुणा आहेत?" त्याने विचारलं.

"चार दगड होते. तुमच्या पायाखालीच आहेत. काढून बघा."

"जी हद्द दिसत नाही ती धरता येत नाही." तो हे बऱ्याच जणांना सांगून थकलेला वाटला. "महिनाअखेर नकाशा जाईल. ज्यांची हद्द सापडणार नाही त्यांना डोंगरापलीकडे प्लॉट मिळेल. माती चांगली आहे तिकडची."

"मी बोटी दुरुस्त करते. तिकडे काय गाईंची इंजिनं खोलू?"

तो हसला, आणि तिथेच चुकला. तिने त्याची लाल झेंडीची काठी फटीतून उपटली आणि लांब भिरकावली. मग दुसरी. तो गेला, दोन्ही काठ्या घेऊन आला, आणि होत्या तिथे परत रोवल्या. तिला आणखीच राग आला.

"वहीत काय लिहिलंय ते दाखवा."

त्याने वही पुढे केली. ओसाड खडक, मालकी अनिश्चित.

"ओसाड," ती सावकाश म्हणाली. "मी जन्मापासून इथे राहतेय. खोडा ते."

"खोडतो... पण त्याजागी लिहिण्यासारखं काहीतरी दाखवा मला."

दुसऱ्या दिवशी ती दाखवायला गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. विहीर कुठे होती, धुणं कुठे वाळायचं, बाबांची खाट कुठे होती, सगळं तिने भांडत भांडत दाखवलं, आणि तो टेपचं दुसरं टोक तिच्या हातात देऊन मोजत राहिला. विहीर दोनदा दोन ठिकाणी निघाली तेव्हा "तुमचीच टेप वाकडी" असं तिने ठणकावलं. "टेपला बोलू नका, ती सरकारी आहे," तो गंभीरपणे म्हणाला. तिला हसू आलं, पण ते तिने समुद्राकडे तोंड करून संपवलं. दुपारी तिच्या डब्यातली बाबांची झणझणीत भाजी खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने ती संपवली.

नवव्या दिवशी दुपारी पावसाची सर आली. वरून गार झालेला खडक आत अजून गरम होता. पाणी पडलं तशी चहूकडून वाफ निघू लागली, आणि दोघं भिजत उभे राहिले. वाफेत त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, तरी तो आपल्याकडेच पाहतोय हे तिला कळत होतं.

"तिकडे बघा," ती म्हणाली. "माझ्याकडे नको."

थोड्या अंतरावर वाफेचे जाड झोत उठत होते. एका सरळ रेषेत. आणि सारख्या अंतरावर.

ते धावत गेले. कवेत मावेल एवढं गोल भोक होतं, खोल, एखाद्या अरुंद विहिरीसारखं. तिने गुडघे टेकून हात आत घातला. दगडाच्या भिंतीवर सालीची प्रत्येक भेग उमटली होती.

"सुरूची झाडं," ती म्हणाली. "बाबांनी लावलेली. कुंपणाच्या कडेने, सात-सात पावलांवर."

"ओल्या खोडाला लागून लाव्हा आधी थिजला असणार," तो तिच्याशेजारी टेकत म्हणाला, "आणि मग आतलं लाकूड जळून गेलं." त्यानेही हात आत घातला. उबदार दगडावर त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... हात बाहेर काढायची दोघांपैकी कुणीच घाई केली नाही.

अकरा भोकं निघाली. हद्द मिळाली. तिला वाटलं आता तरी तो हसेल. तो टेप गुंडाळत बसला होता, आणि मघाशीच गुंडाळून झाली होती.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "लाव्हा समुद्रात शिरला आणि पुढे दोनशे पावलं नवी जमीन झाली. ती सरकारची. तुमची जागा आता — पाण्याला लागत नाही."

पाऊस थांबला होता.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. नियमच आहे तो."

"आणि नऊ दिवस मला टेप धरायला लावलीत."

"सांगितलं असतं तर... तुम्ही दुसऱ्या दिवशी आला नसतात."

ती एक पाऊल मागे सरली. "म्हणजे माझं घर गेलं, आणि तुम्हाला सोबत मिळाली."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलो मी," तो म्हणाला. "तुम्ही मला आवडता, हे सांगायची ही वेळ नाही. पण दुसरं कारण नव्हतं, आणि खोटं कारण आता सांगवत नाही."

तिने हातातली लाल झेंडीची काठी त्याच्या पायाशी टाकली आणि मागे न बघता निघून गेली.

चार दिवस ती धक्क्यावर, उघड्यावर, वाचलेल्या हत्यारांनी कामं करत राहिली आणि प्रत्येक नट जरुरीपेक्षा जास्त आवळत राहिली. पाचव्या दिवशी तो आला. बाह्यांना कचेरीच्या दप्तरखान्यातली धूळ होती आणि हातात जुन्या नकाशाची प्रत.

"तुमच्या शेडपासून पाण्यापर्यंत ही तुटक रेघ बघा. 'होडी ओढायची वाट.' माझ्या जन्माआधीची नोंद आहे. वाट पूर्वीपासून असेल तर नव्या जमिनीतूनही मागता येते. अर्ज तुम्ही करायचा. तपासायला दुसरा मोजणीदार येईल."

"तुम्ही का नाही?"

"साहेबांना सांगितलं, या अर्जदाराच्या बाबतीत माझी नजर सरळ राहिलेली नाही."

तिने अर्ज दोनदा वाचला. "सही कुठे?" एवढंच म्हणाली.

तीन आठवड्यांनी वाट मंजूर झाली. बारा हात रुंद. खडक तिनेच फोडून घ्यायचा होता. कागद घेऊन ती कचेरीबाहेर आली तेव्हा तो पायरीवर उभा होता.

"मिळाली," ती म्हणाली. "पण माझा राग गेलेला नाही."

"नसेलच."

"उद्या संध्याकाळी जेवायला या."

धक्क्याजवळच्या भाड्याच्या खोलीत बाबा भाजी चिरत बसले होते. त्यांना तिने कागद दिला, आणि पाठ फिरवून हात धूत म्हणाली, "उद्या एक जण जेवायला येतोय. त्याच्याशी तुम्ही बोला. मी नाही बोलणार."

"का गं?"

"मला त्याचा फार राग आलाय."

बाबांनी सुरी खाली ठेवली. तिच्या पाठीकडे जरा वेळ बघितलं. "बरं," ते म्हणाले. "भाजी नेहमीसारखी झणझणीत करू ना?"

ती हात धूतच राहिली. ते केव्हाच स्वच्छ झाले होते.

"नको... बेताची करा. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं."