कोपऱ्यातला तोतया

“गेलं! परत गेलं!” भोंग्या ओरडला.

वाचनालयाच्या घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. सुट्टीतला हा सलग चौथा दिवस! रोज अकराला संगणकांच्या खोलीतलं नेट बंद पडायचं आणि एक वाजता आपोआप सुरू व्हायचं.

“तुझ्या आवाजानेच पळतं ते,” चिमणी म्हणाली.

“गप्प बसा दोघं!” तिचा मामेभाऊ ढापण्या पडद्यावर बोट ठेवत म्हणाला. “प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक कायमचा क्रमांक मिळतो. नेट येतं राउटर नावाच्या डब्यातून. आपला संगणक सगळ्यांना विचारतो, ‘राउटरचा पत्ता कोणाचा?’ राउटर उत्तर देतो, ‘माझा, आणि हा माझा क्रमांक.’ पण इथे आलेला क्रमांक सत्तेचाळीसने संपतोय. राउटरच्या बुडाला चिकटवलाय तो ब्याऐंशीने!”

“म्हणजे दुसरंच कोणीतरी राउटर म्हणून मिरवतंय?” भोंग्याने विचारलं.

“तोतया! आणि आपले संगणक इतके भोळे, की जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास. सगळं तिकडे जातं आणि तिथेच अडकतं.”

तिघं टेबलांखाली शिरले. एकेका संगणकाच्या पाठीवरचा क्रमांक वाचत, धुळीने शिंकत, कोपऱ्यात पोचले. सत्तेचाळीस!

त्या संगणकावर टोपीवाले आजोबा बसले होते. रोज अकराला येऊन तो सुरू करत, दूर राहणाऱ्या लेकीला एका बोटाने पत्र लिहीत आणि एकला तो बंद करून जात.

“सगळ्यांचं नेट बंद आणि यांचं चालू! चोर सापडला!” भोंग्याचा आवाज खोलीभर घुमला.

ग्रंथपालकाका धावत आले. ढापण्याने दोन्ही क्रमांक दाखवले. काकांचा चेहरा कडक झाला. “आजोबा, उद्यापासून या संगणकावर बसू नका.”

“अहो, मला बटण दाबण्यापलीकडे काही येत नाही,” आजोबा म्हणाले. त्यांनी अर्धवट पत्र तसंच सोडलं, टोपी नीट केली आणि उठले.

चिमणीचे कान तापले. गेल्या शनिवारी ती याच खुर्चीवर बसली होती. ढापण्याचा खेळ बंद पाडायला तिने कुठूनसा इतरांचं नेट तोडणारा एक प्रोग्राम उतरवून चालवला होता. पोट धरून हसली होती. मग प्रोग्रामची खिडकी बंद केली, की संपलं, असं तिला वाटलं! ‘संगणक सुरू होताच चालू व्हावा’ या ओळीपुढची खूण तिने पाहिली होती. काढली मात्र नव्हती.

बोलावं? सगळ्यांसमोर? आजोबा दारापर्यंत पोचले.

“मी केलं!” ती कशीबशी म्हणाली. “आजोबा, तुम्ही नाही. मी.”

ढापण्याने गर्रकन वळून तिच्याकडे पाहिलं.

तिने सगळं सांगितलं. मग ढापण्या हळूच म्हणाला, “काका, सगळ्या संगणकांच्या तारा ज्या डब्यात येतात, त्या आपल्या स्विचला हे अडवता येतं. कोणत्या तारेवर कोणता पत्ता, कोणता क्रमांक, याची नोंद तो ठेवतो. नोंदीशी न जुळणारं उत्तर पुढेच सोडत नाही. ती सोय बंद आहे.”

काकांनी मान खाली घातली. “बसवणाऱ्याने सांगितलं होतं. मीच म्हटलं, आपल्याकडे कोण कशाला येतंय!”

सोय सुरू झाली. तपासायला काकांनी चिमणीकडून तो प्रोग्राम मुद्दाम चालवून घेतला. नेट हललंसुद्धा नाही! मग तिने तो मुळापासून काढून टाकला.

“शाबास, पोरांनो! चिमणे, तुलाही,” काका म्हणाले.

ती शाबासकी तिला टोचली. भोंग्या आजोबांसमोर उभा राहून कुजबुजला, “चुकलो.” आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजला असेल!

आजोबा पुन्हा खुर्चीत बसले. “बोट दुखतंय माझं. सांगतो ते लिहितेस, बाळ?”

आजोबा सांगतील तसं चिमणी लिहू लागली. “मघाशी पत्र मध्येच थांबलं. मशीन जरा अडलं होतं. आता ठीक आहे.”

आता आपलं नाव येणार, म्हणून ती बोटं आखडून थांबली. आजोबा बागेतल्या मांजराबद्दल सांगू लागले.

“आजोबा, मशीन नव्हतं अडलं…”

“टायपिंग छान आहे हो तुझं,” आजोबा म्हणाले. “उद्या अकराला ये.”

अक्षरं अंधुक दिसू लागली, तरी ती लिहीत राहिली.