आखाजीचा मुऱ्हाळी

शहाद्याहून प्रकाशाकडे निघालं की केळीच्या बागा संपता संपता डाव्या हाताला पत्र्याचं मोठं फाटक लागतं. आत एक बैठी इमारत, पुढं लांबलचक ओटा, अंगणात एक जुना निंब. पूर्वी तिथं मुलींचं वसतिगृह होतं, आता वृद्धाश्रम आहे. मोहिनी सिस्टर तिथली अधीक्षिका. सव्वीस वर्षं तिनं अक्राणीच्या डोंगरातल्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली होती. नाडी, ताप, रक्तदाब आणि घड्याळ, एवढ्यावरच तिचा विश्वास. कुणी अंगात आलं म्हणून घुमायला लागलं की ती आधी थर्मामीटर काढायची.

आश्रमात दिवाळी होई, होळी होई, पण म्हाताऱ्यांचा जीव अडकलेला असे तो आखाजीत. खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. चैत्र संपला की माहेरचा मुऱ्हाळी यायचा. भाऊ, नाहीतर भाचा, कोणीतरी घरचं माणूस. तो बहिणीला घेऊन जायचा, मग झोके, गाणी, सांजोऱ्या. आश्रमातल्या कुठल्याच बाईचं माहेर आता उरलं नव्हतं. तरी सणाच्या आठ दिवस आधीपासून त्या अंगणाकडं तोंड करून बसायच्या आणि मोहिनी निंबाला झोका बांधून द्यायची.

गेल्या वर्षी ऊन फार होतं. दहा वाजताच ओट्याची फरशी पायाला चटके देई. आखाजी तीन दिवसांवर आली तेव्हा बांगड्या भरायला कासार आला. सुपडाबाईनं खाटेवरूनच त्याच्यापुढं दोन्ही हात केले. खुबा मोडल्यापासून आठ महिने ती खाटेवर होती, आणि विधवा होऊन वीस वर्षं झाली होती.

"हिरव्या भर," ती म्हणाली.

कासार थबकला. त्यानं मोहिनीकडं पाहिलं.

"सकाय मन्हा भाऊ ई ऱ्हायना लेवाले," सुपडाबाई म्हणाली. "मोकळा हात लिसन माहेरले जाऊ का?"

"भर रे दादा, हिरव्याच भर," मोहिनी म्हणाली. म्हातारीची हौस, तिला काय नाही म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपडाबाईनं अंघोळ मागितली, वेणी घालून घेतली. निळ्या लुगड्यात आपले दोन कपडे, फणी आणि तपकिरीची डबी बांधली. जेवणं झाल्यावर तिला खुर्चीत बसवून ओट्यावर ठेवावं लागलं, फाटक दिसेल असं. बाकीच्या आडव्या झाल्या. दीड वाजता मोहिनी ताकाचा पेला घेऊन गेली तर सुपडाबाईची मान एका बाजूला कलली होती. चेहऱ्यावर त्रास नव्हता. उलट बस वेळेवर मिळाल्यावर माणसाचा होतो तसा तो झाला होता.

वय एक्क्याऐंशी, पारा चव्वेचाळीसवर. शहाद्याच्या डॉक्टरांनी तेच लिहून दिलं. मोहिनीलाही ते पटलं होतं. पण शेवटची अंघोळ घालताना तिनं तळवे पाहिले. आठ महिन्यांत जमिनीला न टेकलेल्या त्या पायांना ओली काळी माती चिकटली होती. बोटांच्या बेचक्यांत पार आत गेली होती, पाणी सोडलेल्या शेतातून चालून आल्यासारखी. कुणीतरी तुळशीच्या आळ्यात पाय टेकवले असतील, असं मनाशी म्हणत तिनं ते धुऊन काढले. निळं बोचकं मात्र सापडलं नाही.

तिनं झोका सोडून ठेवायला सांगितला. तर बायकाच नाराज झाल्या.

"आखाजी कोनासाठी थांबस का, सिस्टर?" गोजराबाई म्हणाली. "सुपडा गयी माहेरले. रडानं काय त्यामा?"

त्या बोलण्यात दुःख नव्हतं. असलाच तर थोडा हेवा होता, आणि तो मोहिनीला खटकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई झोक्यावर बसून गात होती. तिचं हृदय, साखर, सगळं ठणठणीत. दुपारी कुणीही ओट्यावर बसायचं नाही असं मोहिनीनं बजावलं होतं. दीडच्या सुमाराला ती औषधांच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा गोजराबाई ओट्याच्या खांबाला टेकून बसलेली होती, हातात हिरव्या बांगड्या, डोळे फाटकाकडं. अंग अजून गरम होतं. तळव्यांना तीच माती. तिचं लाल बोचकंही गेलेलं.

मोहिनीनं फाटकावरच्या भिकनला गाठलं. "दुपारी कोणी आलं होतं?"

"कोनीच नही, सिस्टर." तो घुटमळला. "पन दोन्ही दिन फाटकनी कडी वाजनी. मी उघाडीसन देखं तं कोनी नही."

त्यानं उद्या, आखाजीच्या दिवशी, दुपारची सुट्टी मागून घेतली. घरी घागर भरायची आहे म्हणाला. मोहिनीला कारण तेवढंच नाही हे कळलं, पण तिनं जाऊ दिलं.

त्या संध्याकाळी ती जसोदाबाईच्या खाटेशी गेली. जसोदाबाई तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातली. तिचा मुलगा हेमकांत सुरतेला नोकरीला होता. चार वर्षं दर आखाजीला तो येतो म्हणायचा आणि यायचा नाही. या वर्षी मात्र त्यानं गावचं बंद घर उघडून झाडून घेतलं होतं. आखाजीला तो आईला घरी नेणार होता, कायमचं. मोहिनीला त्याचा इतका आनंद झाला होता की तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं.

जसोदाबाई खाटेवर पिवळं लुगडं पसरून त्यावर कपडे रचत होती.

"हेमकांत यायचा म्हणून बांधताय ना, माय?"

"हेमू?" ती थोडा वेळ त्या नावाचा विचार करत राहिली. "नही व. मोतीलाल ई ऱ्हायना."

मोतीलाल तिचा थोरला भाऊ. तो वारला तेव्हा हेमकांत पाळण्यात होता, हे तिनंच कितीदा तरी सांगितलं होतं.

शेजारच्या खाटेवर कमलीबाई बसली होती. तोरणमाळकडच्या पाड्यावरची पावरा आदिवासी म्हातारी, कमी बोलणारी. ती म्हणाली, "तो माणूस चांगला आहे, बाई. हळू बोलतो."

"कोण माणूस?"

"न्यायला येतो तो. आवाज येतो मला. माझ्यासाठी नाही तो. मला भाऊच नव्हता."

मोहिनीनं बाहेर जाऊन हेमकांतला फोन लावला.

"उद्या चारपर्यंत पोचतो, ताई."

"लवकर नाही का निघता येणार?"

"का? बरी नाही का माय?"

काय सांगणार? "बरी आहे," ती म्हणाली. "वाट पाहतेय."

आखाजीची सकाळ छान गेली. नवी लाल घागर भरली, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज आणि सांजोरी. एकेकीनं निखाऱ्यावर घास टाकून आपापल्या गेलेल्यांची नावं घेतली. आमरसाचा वास सगळ्या ओट्यावर पसरला होता. जसोदाबाईनं सासऱ्याचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं आणि हात मागं घेतला.

"आणि भावाचा?" मोहिनीनं विचारलं.

"जो दारवर ई ऱ्हायना, त्याना घास कसाले टाकू?"

बारा वाजता मोहिनीनं तिला औषधांच्या खोलीत नेलं. कूलर लावला, सलाईन लावलं, पिवळं बोचकं कपाटात कोंडून किल्ली कमरेला खोचली. सोबतीला कमलीबाईला स्टुलावर बसवलं. एक वाजता हेमकांतचा फोन आला. नवापूर मागं टाकलं होतं. तीन तास. तीन तास या बाईला सांभाळायचं, एवढंच तिनं ठरवलं.

एक वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. कूलर थांबला आणि सगळीकडं एकदम शांत झालं.

फाटकाची कडी वाजली.

"उना," जसोदाबाई म्हणाली. ती उठायला लागली, सलाईनची नळी ताणली गेली. "उना मन्हा भाऊ. दार उघाड ना व, सिस्टर."

तिच्या डोळ्यांत असा आनंद मोहिनीनं चार वर्षांत पाहिला नव्हता. तिनं तिला खांद्यांनी धरून खाली निजवलं, कमलीबाईला हात धरायला सांगितला आणि स्वतः बाहेर आली.

अंगण पांढरं पडलं होतं. झोका अजिबात हलत नव्हता.

फाटकाचा पत्रा जमिनीपासून हातभर वर होता. त्या फटीतून दोन पाय दिसत होते, पुरुषाचे, अनवाणी. घोट्यापर्यंत ओली काळी माती. भोवतीचा रस्ता कोरडा ठणठणीत होता.

पायांशेजारी दोन बोचकी टेकवलेली होती. एक निळं. एक लाल.

"कोण आहे?"

"मी मुऱ्हाळी, बाई. जसोदाले लेवाले उनू."

आवाज खरंच हळू होता. लांबून चालत आलेल्या, पण घाईत नसलेल्या माणसाचा.

मोहिनी फाटकाशी जाऊन उभी राहिली. जसोदा आजारी आहे म्हणावं? उद्या या म्हणावं? उद्या तो आलाच असता. मग तिनं तोच आवाज काढला, जो ती आरोग्य केंद्रात दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांसाठी काढायची.

"जसोदाबाई नावाचं इथं कोणी नाही."

पाय हलले नाहीत.

"एक डाव देखी ल्या, बाई."

"पाहिलं. कोणी नाही."

 मग तो म्हणाला, "तुम्ही म्हनतस तं नहीच व्हई."

निळं बोचकं उचललं गेलं. मग लाल. पाय वळले.

तिनं कडीच्या भोकातून पाहिलं. रस्त्यावर उन्हाच्या झळा होत्या, पलीकडं केळीची पानं. माणूस नव्हता.

ती आत पळाली. जसोदाबाई शांत पडून होती, सलाईन थेंबथेंब चालू होतं. नाडी शहात्तर. रक्तदाब चांगला. मोहिनीनं भिंतीला पाठ टेकली आणि तांब्याभर पाणी एका दमात पिऊन टाकलं. तिला हसू येत होतं.

"बाई," कमलीबाई म्हणाली, "ही कोण?"

"कोण ही?"

"जसोदाच्या जागी निजवली ती."

मोहिनीनं पाहिलं. हनुवटीवरचं गोंदण, पुढच्या दाताची फट, डाव्या भुवईतला व्रण. "जसोदाच आहे, कमलीबाई."

कमलीबाईनं धरलेला हात सोडला. तळहात लुगड्याला पुसला. मग स्टूल उचलून ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

चारला दहा कमी असताना हेमकांत आला. एका हातात आंब्यांची पेटी, काखेत नवं लुगडं. घामानं निथळत, हसत तो खाटेशी येऊन उभा राहिला. ते हसू तसंच थांबून राहिलं.

"माय कोठे शे, ताई?"

"ही काय."

तो वाकला. त्यानं खूप वेळ पाहिलं.

"ताई, हाई मन्ही माय नही."

मोहिनीचा संताप झाला. आईला टाळणारी मुलं तिनं पुष्कळ पाहिली होती. ती त्याला नाही नाही ते बोलली.  तो प्रत्येक खाटेशी गेला, न्हाणीघरात गेला, अंगणात जाऊन "माय, माय" अशा हाका मारल्या, आणि मग निंबाखाली बसून रडायला लागला. खरं रडणं कुठलं आणि खोटं कुठलं, हे मोहिनीला सव्वीस वर्षांत कळायला लागलं होतं.

पोलीस आले. आधारच्या यंत्रावर बाईचा अंगठा ठेवला, ठसा उमटला नाही. म्हाताऱ्यांचे ठसे झिजलेलेच असतात. हवालदारानं कार्डावरचा फोटो बाईच्या चेहऱ्याशेजारी धरला. "नाही जुळत, सिस्टर." मोहिनीला ते दोन चेहरे एकच दिसत होते. आश्रमातल्या सगळ्यांना विचारलं. ही नवी कोण, असंच प्रत्येकजण म्हणाला. दोन दिवस तापीत नावा घालून शोध झाला. हेमकांत अजून दर शनिवारी फोन करतो. सापडली का, एवढंच विचारतो.

ती बाई राहिली. खाते, निजते, काही मागत नाही. रजिस्टरमध्ये तिच्यापुढं 'अनोळखी स्त्री, अंदाजे वय ऐंशी' असं मोहिनीलाच लिहावं लागलं.

जूनमधल्या एका दुपारी खोलीत दोघीच होत्या. मोहिनीनं नाडी बघता बघता हळूच हाक मारली, "जसोदामाय."

बाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. खिडकीतून फाटकाकडं पाहिलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती बोलली.

"ती बाहेर उभी शे, सिस्टर. उनमा. तुम्हीन नही म्हनी दिधं ना. आते ती ना आठली, ना तठली."

ना इथली, ना तिथली. मोहिनी उठली. भर उन्हात जाऊन तिनं फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली. "या," ती म्हणाली. "आत या, माय." पाव तास ती तशीच उभी राहिली. केळीचा एक ट्रक गेला. धूळ उडाली, बसली. कोणी आलं नाही.

तेव्हापासून दुपारी फाटक उघडं असतं आणि मोहिनी बाहेरच्या दगडावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवते. संध्याकाळी तो रिकामा असतो. उन्हानं आटत असेल, कुत्री पीत असतील, असं ती भिकनला सांगते.

भिकन त्याला हात लावत नाही. तांब्या रोज घासलेला असतो आणि दगडावर पालथा घातलेला असतो.